वाचकांचे प्रश्न : बातमीसाठी नकाशा वापरताना

बोटाने लहान-मोठा करता येणारा आणि एखाद्या गावावर टिचकी दिली की तिथली माहिती उघडणारा इंटरॅक्टिव्ह नकाशा आता जिल्हा पातळीवरच्या बातमीदारांनाही करता येऊ लागला आहे. त्याविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी केज तालुक्यात बातम्यांचे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. 'जायकवाडी शंभर टक्के भरले' अशी बातमी दिली की वाचक विचारतात, मग आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर का लागतो? नकाशाच्या मदतीने हे समजावून सांगता येईल का? (पत्रकार, केज)

उत्तर : येईल, मात्र त्या नकाशाची सुरुवात जिल्ह्यांच्या सीमांपासून करू नये. मराठवाड्याचा कोणताही नकाशा करायचा म्हटले की आधी आठ जिल्हे रंगवले जातात, कारण ती फाइल आयती मिळते. पाणी मात्र कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याची हद्द पाहून वाहत नाही. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरतो तो मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पडणाऱ्या पावसावर, म्हणजे गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा या वरच्या धरणांतून खाली येणाऱ्या पाण्यावर. म्हणूनच आपल्याकडे पावसाने ओढ दिलेली असतानाही जायकवाडीचा साठा वाढल्याची बातमी येऊ शकते, आणि ती वाचणारा शेतकरी बुचकळ्यात पडतो. धरणातून निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना-परभणीच्या दिशेने जातो, तर १३२ किलोमीटरचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगाव धरणाकडे जातो. आपला तालुका या दोन्ही कालव्यांच्या वाटेवर नाही. त्याचा बराच भाग मांजरा नदीच्या खोऱ्यात मोडतो. ही नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते आणि तिच्यावरचे धरण तर आपल्याच तालुक्यात, धनेगावला आहे. त्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे आणि शेजारच्या धाराशिवमधील भूम-परंड्याचे पाणी मात्र सीना नदीला मिळून भीमेतून कृष्णेच्या खोऱ्यात जाते.

तेव्हा नकाशा उघडताच खोऱ्यांच्या सीमा, मोठी धरणे आणि कालवे एवढेच दिसावे, आणि जिल्ह्यांच्या सीमा फिकट रेषेने मागे ठेवाव्यात. वाचकाने आपल्या गावावर टिचकी दिली की 'हे गाव मांजरा खोऱ्यात येते, या खोऱ्यातील धरणाचा आजचा साठा इतका' अशी दोन ओळींची पट्टी उघडावी. टँकर सुरू असलेली गावे तहसील कार्यालयाच्या यादीवरून ठिपक्यांनी दाखवावीत, पण हा थर सुरुवातीला बंद ठेवावा. आधी खोरे आणि मग टँकर या क्रमाने पाहिले तर वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःलाच मिळते. सगळे एकदम दाखवले तर ठिपक्यांची गर्दी तेवढी दिसते.

धरणांच्या टक्केवारीबाबत विशेष सावध राहावे. बातमीत जी टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची असते, मृत साठा, म्हणजे तळाशी राहणारे आणि कालव्यात न येणारे पाणी, त्यात धरलेला नसतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि मांजरा धरणाचा सुमारे १७७ दलघमी. याचा अर्थ असा, की जायकवाडीतले दहा टक्के पाणीसुद्धा तुडुंब भरलेल्या मांजरा धरणापेक्षा जास्त भरते. नकाशावर दोन्ही धरणांना सारख्याच आकाराचे वर्तुळ देऊन आत केवळ टक्के लिहिले, तर हा फरक पूर्णपणे झाकला जातो. वर्तुळाचे क्षेत्रफळ साठ्याच्या प्रमाणात ठेवावे. व्यास त्या प्रमाणात ठेवला तर बारापट फरक डोळ्यांना दीडशेपट दिसेल, आणि ही चूक भल्याभल्या वृत्तपत्रांत आढळते.

२०१६ सालची मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे आपल्या वाचकांना आठवत असेलच. पहिली गाडी १२ एप्रिलला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली आणि मिरज ते लातूर अशी सुमारे ३४० किलोमीटरची रेषा देशभरातल्या वृत्तपत्रांनी छापली. त्या रेषेतून नवल कळले, पण कारण कळले नाही. शहराची सगळी भिस्त ज्या मांजरा धरणावर होती ते कोरडे पडले होते, ही गोष्ट त्याच नकाशावर धरण, त्याचे पाणलोट क्षेत्र आणि त्याआधीच्या दोन पावसाळ्यांचा त्या क्षेत्रातला पाऊस दाखवून सांगता आली असती.

प्रश्न : आमच्या शिवारात एका रात्रीत सोयाबीन आडवे झाले, बांध फुटले. संकेतस्थळावरच्या पावसाच्या नकाशात मात्र आमचे मंडळ फिकटच होते. नकाशा खोटा म्हणायचा का? (शेतकरी, कंधार तालुका)

उत्तर : नकाशात भरलेला आकडा खरा असू शकतो आणि तरीही आपल्या शिवारापुरता नकाशा चुकीचा असू शकतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते, आणि ही नोंद सामान्यतः मंडळातल्या एखाद्याच पर्जन्यमापकावरून होते. मंडळात तर अनेक गावे असतात. पर्जन्यमापकाच्या ठिकाणी ५८ मिलिमीटर आणि काही किलोमीटरवरच्या आपल्या गावात त्याच्या दुप्पट, हे वळवाच्या किंवा परतीच्या पावसात अजिबात अशक्य नाही. नकाशा करणारा मात्र तो एक आकडा घेऊन संपूर्ण मंडळ एकाच रंगाने भरतो, आणि जिथे कोणी मोजलेच नाही तिथेही मोजल्याचा भास निर्माण होतो.

अशा नकाशात मंडळे रंगवण्याऐवजी पर्जन्यमापक जिथे आहे तिथेच ठिपका द्यावा आणि ठिपक्याच्या रंगाने पाऊस दाखवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मधली जागा कोरी दिसली की वाचकालाही कळते, की तिथली नोंद उपलब्ध नाही. आणखी एक गोष्ट अशी, की रंगांचे टप्पे संगणकाला ठरवू देऊ नयेत. सर्वांत जास्त पाऊस १२० असेल तर सॉफ्टवेअर ०, ३०, ६०, ९० असे समान टप्पे पाडून मोकळे होते आणि ज्या ६५ च्या रेषेवर पंचनाम्याचे आणि मदतीचे गणित अवलंबून असते ती रेषा एका रंगाच्या पोटात गडप होते. तो टप्पा हाताने ६५ वरच पाडावा लागतो. आपण पत्रासोबत पाठवलेल्या नकाशात नेमके हेच घडले आहे : ३१ मिलिमीटरचे मंडळ आणि ५९ मिलिमीटरचे मंडळ एकाच फिकट निळ्या रंगात आहेत, तर ६१ आणि ८८ यांना एकच गडद निळा मिळाला आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांवरून मराठवाड्याचा नकाशा रंगवला. बीड आणि नांदेड गडद, हिंगोली फिकट असा तो झाला. 'हिंगोलीत परिस्थिती बरी' हा विद्यार्थ्यांचा निष्कर्ष योग्य आहे का? (प्राध्यापिका, उदगीर)

उत्तर : एवढ्यावरून तो काढता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार, बीडची २५ लाख ८५ हजार आणि हिंगोलीची ११ लाख ७७ हजार होती. निव्वळ संख्येचा नकाशा काढला तर लग्ने, दुचाकी, दहावीचे विद्यार्थी, काहीही मोजा, नांदेड गडद आणि हिंगोली फिकटच येणार. फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी १८२६ साली शिक्षणाच्या प्रसाराचा छटांनी भरलेला नकाशा प्रसिद्ध केला. या प्रकारातला तो पहिला नकाशा मानला जातो, आणि त्यातही त्यांनी विद्यार्थ्यांची नुसती संख्या न घेता लोकसंख्येशी असलेले प्रमाण घेतले होते. दोनशे वर्षांनंतर आपण त्याहून मागे राहू नये.

खरा प्रश्न भागायचे कशाने, हा आहे. एकूण लोकसंख्येने भागले तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे प्रमाण आपोआप कमी दिसेल, कारण त्या लोकसंख्येत शेतीशी संबंध नसलेले मोठे शहर आणि औद्योगिक वसाहती आल्या. ग्रामीण लोकसंख्या घेणे त्यापेक्षा बरे. जनगणनेत शेतकरी आणि शेतमजूर यांची संख्या जिल्हावार वेगळी मिळते, ती घेणे सर्वांत योग्य. तीही २०११ ची आहे हे नकाशाखाली ठळकपणे लिहावे. विद्यार्थ्यांना तिन्ही भाजकांनी तीन नकाशे करायला सांगावे आणि बटण दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येईल अशी सोय ठेवावी. कोणता जिल्हा तिन्हींत गडद राहतो आणि कोणता भाजक बदलताच फिकट होतो, यावर वर्गात होणारी चर्चा नकाशापेक्षाही उपयोगाची ठरेल.

या विषयात एक मर्यादा पाळावीच लागेल. गावनिहाय ठिपके देऊ नयेत. लहान गावात एक ठिपका म्हणजे एक घर, आणि ते कोणाचे हे पंचक्रोशीला ठाऊक असते. तालुक्याच्या खाली जाऊ नये.

प्रश्न : मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. १९७१ पासून २०११ पर्यंतची जिल्हावार लोकसंख्या सरकपट्टी फिरवून पाहता येईल असा नकाशा माझ्या नातवाने केला. त्यात परभणी जिल्हा मध्येच आक्रसल्यासारखा दिसतो आणि संभाजीनगर व धाराशिव २०११ मध्ये कोरे दिसतात. काय चुकले? (वाचक, परभणी)

उत्तर : आपल्या नातवाने कष्ट चांगले घेतले आहेत, त्याला दगा दिला तो सीमांनी. १९७१ मध्ये मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि नांदेड असे पाचच जिल्हे होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि तो केवळ औरंगाबादमधून निघाला असे नाही, परतूर तालुका परभणीतून त्यात गेला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर निघाला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला. १९८१ ची जनगणना जालना जिल्हा होण्याआधी, त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्यामुळे तिच्यातही पाचच जिल्हे आहेत, हे आपल्यासारख्या महसूल खात्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे परभणीतली माणसे कमी झाली नाहीत, त्यांचा जिल्हा बदलला.

याला दोन उपाय आहेत. सोपा उपाय म्हणजे आजचे जिल्हे जोडून पुन्हा जुने पाच करणे आणि सर्व वर्षांची तुलना त्या पाचांतच करणे. परतूरसारखे तालुके जिकडून आले तिकडे परत द्यावे लागतील, आणि नंतर त्याच भागातून झालेल्या मंठा तालुक्याचाही विचार करावा लागेल. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक जनगणनेचे आकडे तालुकावार घेऊन ते आजच्या आठ जिल्ह्यांत बसवणे. तालुक्यांचेही तुकडे झालेले असल्यामुळे हे काम वेळखाऊ आहे, पण निकाल अधिक बोलका मिळतो, आणि कोणते गाव कधी कुठे होते हे जाणणारा माणूस घरातच असेल तर ते अवश्य करावे.

दोन जिल्हे कोरे राहण्याचे कारण साधे आहे. सीमांच्या फाइलमध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही २०२३ नंतरची नावे आहेत, जनगणनेच्या तक्त्यात जुनी नावे आहेत, आणि संगणक अक्षरे जुळली तरच जोडतो. नावांवर न जोडता सांकेतांकावर जोडावे. २०११ च्या जनगणनेत औरंगाबादचा सांकेतांक ५१५, उस्मानाबादचा ५२५, बीडचा ५२३ आहे, आणि पाटीवरचे नाव बदलले तरी त्या तक्त्यातला आकडा बदलत नाही. गावपातळीवर तर याला पर्यायच नाही, कारण पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते आपण जाणताच. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला आहे, तो वापरावा.

प्रश्न : पुराच्या वेळी वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि माहिती पाठवतात. ती लगेच नकाशावर टाकावी का? (वार्ताहर, परंडा)

उत्तर : सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात आपल्या भागाने जे पाहिले त्यानंतर हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. लोकांकडून आलेल्या माहितीचा नकाशा करण्याची पद्धत केनियात २००८ च्या आरंभी निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या काळात 'उशाहिदी' या संकेतस्थळाने रूढ केली, आणि २०१० च्या हैती भूकंपात ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांनी उपग्रह छायाचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते रेखाटून बचाव पथकांना दिले. पद्धत उपयुक्त आहे, परंतु प्रत्येक ठिपक्यावर माहिती मिळाल्याची वेळ असलीच पाहिजे. सकाळी सहाला पाण्याखाली असलेला पूल दुपारी मोकळा झालेला असतो, किंवा त्याच्या उलट होते. फोनवर किमान एका माणसाकडून खातरजमा केलेल्या आणि न केलेल्या माहितीचे ठिपके वेगळ्या रंगांत ठेवावेत.

सर्वांत मोठा धोका कोऱ्या जागेचा आहे. ज्या गावाचा मोबाइल टॉवर बंद पडला आणि रस्ता तुटला तिथून फोटो येतच नाही, आणि नकाशावर ते गाव सुखरूप असल्यासारखे दिसते. म्हणून नदीकाठच्या सर्व गावांची यादी आधीच तयार ठेवून 'संपर्क झालेला नाही' असा तिसरा रंग ठेवावा. तहसीलदारांच्या नियंत्रण कक्षाला त्या तिसऱ्या रंगाचाच उपयोग अधिक होईल.

प्रश्न : हे सगळे करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? खर्च किती? (विद्यार्थी, जालना)

उत्तर : सुरुवातीला खर्च काहीच नाही. काही मोजकी ठिकाणे दाखवायची असतील तर गूगल माय मॅप्स पुरते. जिल्हे-तालुके रंगवायचे असतील तर डेटारॅपर किंवा फ्लरिश सोपे पडते. खोरी, कालवे, गावनकाशे असे थर हाताळायचे असतील तर क्यूजीआयएस शिकून घ्यावे. ते मोफत आहे आणि त्यात केलेला नकाशा लीफलेट या मोफत वेब-साधनाच्या साहाय्याने संकेतस्थळावर चढवता येतो. इस्रोच्या 'भुवन'वर भारताची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात.

नवशिक्याची हमखास होणारी गफलत अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीची आहे. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर आणि ७६.६ अंश पूर्व असे आहे. रकाने उलटे भरले गेले तर ते नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. नकाशा कोरा दिसला तर आधी तिकडे शोधावे.

भारताची बाह्य सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असली पाहिजे. परदेशी संकेतस्थळांवरून मोफत उतरवलेल्या अनेक फाइलींत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा वेगळी असते. त्या विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. फक्त मराठवाडा दाखवायचा असेल तर मागची सगळी पृथ्वी दाखवण्याची गरजही नसते.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. हे नकाशे कोणी हाताळून पाहते का? आमच्याकडे निम्मा वेळ नेटवर्क नसते. साधे चित्र छापले तर काय बिघडते? (वाचक, औंढा नागनाथ)

उत्तर : बहुतेक वेळा काही बिघडत नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच असेल, उदाहरणार्थ कालवा कुठपर्यंत आला, तर स्थिर चित्रच छापावे. वाचकाने बटणे दाबून ती शोधावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे आपले काम त्याच्यावर ढकलणे आहे. बटणे आणि सरकपट्ट्या केवळ येतात म्हणून लावलेले नकाशे मला स्वतःला कंटाळवाणे वाटतात.

बोट लावण्याची सोय दोन ठिकाणी मात्र खरोखर उपयोगी पडते. एक, जेव्हा प्रत्येक वाचकाला त्याचे स्वतःचे गाव शोधायचे असते; मंडळनिहाय पाऊस, पैसेवारी, मतदान केंद्रांचे निकाल हे त्यातले विषय. दुसरे, जेव्हा एकाच जागेचे दोन काळ शेजारी ठेवायचे असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसह लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुने गावठाण आणि नवे गावठाण एकाच प्रमाणावर घेऊन मधली रेघ बोटाने सरकवली, की दाटीने वसलेली माळवदाची घरे आणि बोळ जाऊन त्या जागी सरळ रस्त्यांची, कित्येक पटींनी जास्त जमीन व्यापणारी वसाहत आलेली दिसते. शेत किती लांब गेले, शेजार कसा विखुरला, हे लोक इतकी वर्षे सांगत आले आहेत. त्याचे माप तिथे डोळ्यांपुढे येते. तेच दोन स्वतंत्र चित्रांत छापले तर नजर सारखी इकडून तिकडे न्यावी लागते आणि प्रमाण चुकते.

नेटवर्कच्या अडचणीवर उपाय असा, की पानावर आधी स्थिर चित्र उघडावे आणि 'आपले गाव शोधा' या बटणावर टिचकी दिल्यावरच जड नकाशा उतरावा. सीमांच्या फाइली मॅपशेपरसारख्या साधनाने हलक्या कराव्यात, कारण फोनच्या पडद्यावर तालुक्याच्या सीमेचे प्रत्येक नागमोडी वळण दिसतही नाही. संगणकावर माऊस नुसता फिरवला की माहिती उघडते ती सोय फोनवर नसते, त्यामुळे ठिपके अंगठ्याने दाबता येतील इतके मोठे असावेत. आणि नकाशा प्रसिद्ध करण्यापूर्वी कार्यालयाच्या वाय-फायवर तपासून भागत नाही. औंढ्याच्या बसस्थानकावर उभे राहून, साध्या फोनवर तो एकदा उघडून पाहावा.